सर्जनने संशोधनाची सुरुवात करताना आधी काय मिळवावे: अनुदान, वेळ की मार्गदर्शक?

प्रश्न (सहायक प्राध्यापक, जनरल सर्जरी, पुणे)
एम.एस. होऊन चार वर्षे झाली. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणाऱ्या संसर्गावर काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. परंतु ओपीडी, ओटी (शस्त्रक्रियागृह), इमर्जन्सी आणि अध्यापन यांतून सलग दोन तासही मिळत नाहीत. माझी पीएच.डी. नाही आणि अनुदानित प्रकल्प चालवलेले आमच्या विभागात कोणी नाही. अर्ज कोठे करावा आणि मार्गदर्शक कसा शोधावा?

उत्तर १ (सर्जरीचे निवृत्त प्राध्यापक)
पीएच.डी. नाही म्हणून थांबू नका. नियमित पदावरील एम.एस. डॉक्टरांना अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या केंद्र सरकारच्या संशोधन-निधी संस्थेच्या ‘प्रधानमंत्री अर्ली करिअर’ अनुदानासाठी अर्ज करता येतो, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) लहान अनुदानाची मर्यादा 2 कोटी रुपयांची आहे. मात्र आधी एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) परवानगी घेऊन आपल्याच युनिटच्या लॅपरोटॉमीच्या (पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया) रुग्णांचा 30 दिवस पाठपुरावा करा, कारण बराचसा संसर्ग रुग्ण घरी गेल्यावर दिसतो आणि तो केसपेपरवर कधीच येत नाही. ही माहिती हाती असली की अर्जाला वजन येते. ‘चीता’ चाचणी अवश्य वाचा: भारतासह 7 देशांतील 13,301 रुग्णांवरील या चाचणीत पोट बंद करण्यापूर्वी हातमोजे व उपकरणे बदलल्याने संसर्गाचे प्रमाण 18.9 वरून 16 टक्क्यांवर आले. एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर 2022 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि तो प्रश्न प्रयोगशाळेतून नव्हे, ओटीतूनच आला होता.

उत्तर २ (अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेले सर्जन)
मी वेळेला पहिले स्थान देईन. तेथील एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या, डॉक्टरांसाठीच्या के-08 या अनुदानात 75 टक्के वेळ संशोधनाला द्यावा लागतो. सर्जनचा हात शस्त्रक्रियेपासून तुटू नये म्हणून त्यांच्यासाठी ही अट 50 टक्क्यांपर्यंत खाली आणता येते, आणि तेवढा वेळ मोकळा ठेवण्याची लेखी हमी संस्था देते. आपल्याकडे निम्मा आठवडा कोणी देणार नाही, हे मान्य; तरीही अर्ज पाठवण्यापूर्वी विभागप्रमुखांकडून आठवड्यातील एक ठरलेली दुपार लेखी मागून घ्या. तोंडी मिळालेली दुपार पहिल्याच इमर्जन्सीत जाते.

उत्तर ३ (जीवशास्त्राच्या संशोधक, पाषाण)
मार्गदर्शक दोन असावेत: एक शस्त्रक्रियेतले आणि एक संशोधनपद्धतीचे, आणि दुसरे शक्यतो आपल्या वरिष्ठांच्या साखळीबाहेरचे. पुण्यात आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) हाकेच्या अंतरावर आहेत. मात्र येताना नमुने देण्याची तयारी घेऊन नव्हे, तर स्वतःचा प्रश्न घेऊन या; अन्यथा सर्जन केवळ नमुने पुरवणारा ठरतो, आणि हे मी जवळून पाहिले आहे. प्रकल्पाचे प्रमुख कोण आणि शोधनिबंधात पहिले नाव कोणाचे, हे पहिल्याच बैठकीत ठरवा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. सोमवारी एथिक्स कमिटीचा अर्ज लिहायला घेतो. दुपारच्या वेळेचे पत्र त्याच दिवशी विभागप्रमुखांना देईन.