मदत हवी आहे: पिस्तुलाची मूठ लपते ती हातात बसत नाही, बसते ती लपत नाही

पैलतीर

मंडळी, जरा लवकर उत्तरं हवी आहेत. या आठवड्याअखेर दुकानात जाऊन काय ते ठरवायचं आहे.

माझ्याकडे ग्लॉक ४३एक्स आहे. हातात उत्तम बसतं, करंगळीसकट तिन्ही बोटं मुठीवर येतात, नेमही चांगला लागतो. पण मूठ शर्टातून उठून दिसते, वाकलं की जास्तच. मित्राचं सिग पी३६५ चालवून पाहिलं. ते छान लपतं, पण करंगळी हवेत राहते आणि गोळ्या खाली डावीकडे जातात.

आता ग्लॉक ४३ घेऊ, २६ घेऊ, की पी३६५ घेऊन मॅगझिनला (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीला) करंगळीपुरता वाढीव तुकडा लावू? दिवसभर अंगावर असतं, त्यामुळे थोडीफार गैरसोय चालेल असं सांगू नका. ती रोज सकाळपासून रात्रीपर्यंत सोसायची आहे. आणि बंदूक का बाळगता हा विषय कृपया इथे नको.

चक्रधर_के

कुठे अडकवता तेच लिहिलं नाहीत. उजव्या कुशीला, कमरेच्या मागे की पोटाशी? होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) पँटीच्या आत की बाहेर? पट्टा कोणता? शर्ट खोचलेला असतो का? काम बसून की उभ्याने? हे कळल्याशिवाय मॉडेल सुचवणं म्हणजे पाऊल न बघता चपलेचं माप सांगणं.

रानपाखरू

सरळ २६ घ्या. नव्वदच्या दशकापासून लोक ते वापरत आहेत, उगाच नाही. उंची १०६ मिमी, मॅगझिनमध्ये १० गोळ्या, आणि मुख्य म्हणजे ग्लॉकच्याच मोठ्या १९ आणि १७ ची मॅगझिनं त्यात चालतात. अंगावर लहान मॅगझिन, राखीव म्हणून १५ गोळ्यांचं. घरी आलात की लांब मॅगझिन लावा, तेच पिस्तूल पूर्ण हाताचं होतं. इतका साधा उपाय असताना लोक दरवर्षी नवीन मॉडेलच्या मागे का धावतात?

डोंगरवाट

रानपाखरू, २६ ची उंची सांगितलीत, जाडी सांगितली नाहीत. ३० मिमीच्या वर आहे. आत दोन ओळींचं रुंद मॅगझिन, म्हणून मूठही जाड. ज्यांची बोटं आखूड त्यांचं तर्जनीचं पेर ट्रिगरवर नीट पोहोचत नाही, मग पिस्तूल हातात फिरवून धरावं लागतं. ४३एक्स फक्त २८ मिमी आहे. उंची कमी करून जाडी वाढवली तर लपवण्यात काय मिळवलं?

रानपाखरू

मिळवलं हे की जाडी शरीराच्या गोलाईत मुरते, उंची मुरत नाही. मुठीचं खालचं मागचं टोक कापडाला टोचतं, जाडी नाही. वर्षानुवर्षं वापरतोय, अंदाजपंचे सांगत नाही.

सातासमुद्रापलीकडे

पैलतीर, व्हिसा कोणता आहे तुमचा? एच-१बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगणंच अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मित्राचं पिस्तूल रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. आपली बरीच मंडळी हे न विचारता मोकळी होतात, म्हणून आधी विचारतो. राज्य कोणतं तेही सांगा. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात असाल तर १० गोळ्यांच्या वरचं मॅगझिन विसरा.

पैलतीर

ग्रीन कार्ड आहे. टेक्सास. परवाना आहे. प्रश्न मुठीचा होता.

सातासमुद्रापलीकडे

रागावू नका. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून विनापरवाना बाळगता येतं, तरी परवाना काढलात हे फार चांगलं केलंत. शाळेपासून हजार फुटांच्या आतल्या क्षेत्राबद्दल केंद्राचा कायदा आहे, त्यातून त्या राज्याचा परवाना असलेल्याला सूट मिळते. आणि एक चांगली बातमी: तिथे कापडातून आकार दिसला म्हणून गुन्हा होत नाही. होल्स्टरमध्ये असेल तर उघड बाळगायलाही परवानगी आहे. तेव्हा तुमची अडचण कायद्याची नाही, लोकांच्या नजरेची आहे.

पैलतीर

नजरेचीच आहे! दिवसभर गिऱ्हाइकांसमोर उभा असतो. त्यात म्हातारी माणसं, लहान मुलांना घेऊन आलेल्या आया. त्यांना ते दिसू नये, दिसून कुणी धास्तावू नये, एवढीच इच्छा आहे.

हिरवळ

विषय नको म्हणालात तरी लिहिते, कारण मनापासून वाटतं. मुलं येतात अशा ठिकाणी दिवसभर भरलेलं पिस्तूल कमरेला लावणं हाच मूळ प्रश्न आहे. मिरपुडीचा फवारा, चांगले दिवे, कॅमेरे, रात्री दोघांनी मिळून दुकान बंद करणं, हे सगळं आधी करून पाहिलंत का? पिस्तूल लपलं म्हणजे धोका लपत नाही.

चक्रधर_के

हिरवळताई, त्यांनी तो निर्णय घेतला आहे आणि परवान्याचं प्रशिक्षणही घेतलं आहे. वेगळा धागा काढा, तिथे मीही लिहीन. पैलतीर, माझे प्रश्न अजून तसेच आहेत. दुकान तुमचं स्वतःचं की नोकरी? नोकरी असेल तर मालकाचा नियम आधी बघा.

पैलतीर

दुकान आमचंच. फार्मसी आहे, मी आणि बायको चालवतो. रात्री बंद करून रोकड घेऊन निघायचं असतं. मागे तिथेच पार्किंगमध्ये आमच्या माणसाला लुटलं होतं. हिरवळ, दिवे आणि कॅमेरे दोन्ही आहेत. घरी मुलं आहेत, तिजोरी आहे, तेही सांगून टाकतो म्हणजे पुढचा प्रश्न यायला नको.

होल्स्टर पँटीच्या आत, उजवीकडे जरा मागे. पट्टा साधा, ऑफिसचा. शर्ट बाहेर. उजव्या हाताचा आहे. खालच्या खणातून औषधं काढायला सतत वाकावं लागतं.

चक्रधर_के

हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर निम्मा धागा वाचला असता! तुमचं दुखणं पिस्तुलात कमी आणि जागेत जास्त आहे.

उजवीकडे मागे लावलेलं पिस्तूल माणूस ताठ उभा असेपर्यंत लपतं. पुढे वाकलात की शर्ट पाठीवर ताणला जातो आणि मुठीचं मागचं टोक थेट त्या ताणलेल्या कापडात घुसतं. तिथे ४३ लावलंत तरी घुसेल, जरा कमी घुसेल इतकंच. ४३ आणि ४३एक्सची स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) तीच, फरक मुठीचा. एकाची उंची १०८ मिमी, दुसऱ्याची १२८. त्या २० मिमीसाठी करंगळीची जागा आणि चार गोळ्या घालवायच्या (१० च्या ६ होतात) हा सौदा मला पटत नाही.

तेच पिस्तूल पुढे, पोटाशी, बेंबीच्या किंचित उजवीकडे आणा. वाकलात की शर्ट पुढून सुटा होतो, ताणला जात नाही. होल्स्टर असं घ्या ज्याला क्लॉ असतो. तो छोटा पंख पट्ट्याच्या आतून दाबला जातो आणि मूठ शरीराकडे वळवतो. खाली नळीच्या टोकाशी फोमची वेज (पाचर) लावा. ती खालचं टोक बाहेर ढकलते, म्हणून वरची मूठ पोटात जाते. आणि पट्टा ताठ हवा. ऑफिसचा मऊ पट्टा पिस्तुलाच्या वजनाने बाहेर कलतो, मग क्लॉला दाबायला काही उरत नाही.

नवीन पिस्तुलाच्या एका लहानशा अंशात हे सगळं होतं. आधी हे करून बघा.

डोंगरवाट

यात एक भर. पोटाशी लावणाऱ्यांना नळी लांब असलेलं बरेचदा जास्त चांगलं लपतं, हे ऐकून लोकांना खरं वाटत नाही. ग्लॉक ४८ म्हणजे ४३एक्सचीच मूठ, फक्त स्लाइड लांब. ती लांबी पट्ट्याखाली जाते, तिथे दिसायचा प्रश्नच नाही, आणि पिस्तूल वर उलथत नाही. लपवायची असते ती मूठ. नळी आपोआप लपते. त्यामुळे "सबकॉम्पॅक्ट" (लहान आकाराचं पिस्तूल) म्हणजे आखूड नळी असं समजून खरेदी करणारे चुकीच्या टोकाला काटछाट करतात.

खिसापाकीट

मी वेगळं सांगतो. रुगर एलसीपी, छोटं पिस्तूल. .३८० ची गोळी. रिकामं दहा औंसांपेक्षा हलकं. पुढच्या खिशात खिशाच्या होल्स्टरसकट ठेवा, मोबाईल ठेवल्यासारखं दिसतं. वाकण्याचा, पट्ट्याचा, क्लॉचा प्रश्नच मिटला. २००८ पासून बाजारात आहे. जे पिस्तूल रोज अंगावर राहतं तेच खरं.

डोंगरवाट

खिसापाकीट, त्यांची तक्रार पुन्हा वाचा. करंगळी हवेत राहते म्हणून पी३६५ वर नेम चुकतोय, आणि तुम्ही त्याहून आखूड मूठ सुचवताय. एलसीपीवर दोन बोटं जेमतेम मावतात. हलकं असल्याने झटका बोचरा बसतो, लोक रेंजवर दोन मॅगझिन झाडून परत ठेवतात. सराव टाळला जातो ते पिस्तूल खिशात राहून काय उपयोगाचं?

खिसापाकीट

पार्किंगमध्ये गाडीच्या दारापाशी काही हात अंतरावर घडतं जे घडायचं ते. तिथे स्पर्धेचा नेम लागत नाही.

डोंगरवाट

तिथे हात थरथरत असतो, म्हणून पकड जास्त लागते, कमी नाही.

गावाकडचा

भारतातून वाचतोय. आपल्याकडे ९ मिमी सर्वसामान्य परवानाधारकाला मिळतच नाही, प्रतिबंधित बोअर (नळीचं बंदी असलेलं माप). कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने २०१४ साली निर्भीक नावाचं .३२ चं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, महिलांना पर्समध्ये ठेवता यावं म्हणून. वजन अर्धा किलो. तसं काही तिकडे मिळत नाही का? शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात.

चक्रधर_के

गावाकडचा, पी३६५ चं रिकामं वजनही साधारण अर्धा किलोच आहे, आणि त्यात १० गोळ्या बसतात. २०१८ साली ते आलं तेव्हा एवढ्या लहान मुठीत १० गोळ्या हेच नवल होतं. मॅगझिन खाली दोन ओळींचं आणि वर निमुळतं, म्हणून मूठ एक इंचाच्या आसपासच राहिली.

अवनी_आर

माझे हात लहान आहेत आणि मी पोटाशीच लावते, म्हणून लिहिते. पैलतीर, करंगळी हवेत राहते म्हणता, तर ती मॅगझिनच्या तळाखाली दुमडून घट्ट रोवून पाहिलीत का? मोकळी सोडली की ट्रिगर दाबताना सगळा पंजा एकदम आवळला जातो आणि उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली डावीकडे जाते. हे फक्त मुठीमुळे होत नाही, पण आखूड मूठ ही सवय उघडी पाडते. घरी रिकाम्या पिस्तुलावर सराव करा. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेली, गोळ्या दुसऱ्या खोलीत. ट्रिगर दाबताना पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) हलता कामा नये.

तुकडा लावण्याबद्दल: तो मुठीच्या पुढच्या बाजूला वाढतो, मागच्या टोकाला फार नाही, म्हणून वाटतं तेवढा दिसत नाही. रानपाखरू म्हणतात ते इथे बरोबर आहे, टोचतं ते मागचं टोक. पण आखूड मुठीवर मॅगझिन बदलताना तळव्याचा मांसल भाग मध्ये येतो, ते अडकतं, चिमटा बसतो. दुकानात हे कुणी दाखवत नाही. भाड्याचं पिस्तूल रेंजवर घेऊन मॅगझिन बदलूनच बघा.

आणि पी३६५ च घेणार असाल तर त्याचा खरा फायदा हा की नोंदणी क्रमांक आतल्या यंत्रणेवर असतो, मुठीवर नाही. मुठीचा साचा वेगळा विकत मिळतो. एक्सएलची (पी३६५ च्याच मोठ्या रूपाची) लांब मूठ थंडीत जॅकेटखाली, आखूड मूठ उन्हाळ्यात. पिस्तूल एकच.

प्रवासी_पक्षी

विमानाने जाताना लक्षात ठेवा: पिस्तूल रिकामं, कडक आणि कुलूपबंद पेटीत, फक्त चेक-इन सामानात, आणि काउंटरवर स्वतः सांगायचं. हातातल्या बॅगेत चुकून राहिलं तर मोठा दंड होतो.

पैलतीर

प्रवास करत नाहीये, तरी धन्यवाद.

चक्रधर, होल्स्टर बदललं. क्लॉ आणि वेज दोन्ही आहेत, ताठ पट्टाही घेतला. ४३एक्स पोटाशी लावून पूर्ण दिवस दुकानात काढला. बायकोला सांगून ठेवलं होतं की दिसलं की बोट दाखव. वाकताना दिसलं नाही. वरच्या फळीवर हात टाकला की शर्ट वर जातो तेव्हा होल्स्टरची क्लिप दिसते, मूठ नाही. लांब शर्टाने ते निभेल.

अवनी, करंगळी दुमडून मित्राचं पी३६५ पुन्हा चालवलं. गोळ्या बऱ्याच मध्ये आल्या, पण माझ्या ४३एक्सएवढं जमत नाही. मॅगझिन बदलताना चिमटा बसला, अगदी तुम्ही म्हणालात तसाच. त्यामुळे सध्या काहीच विकत घेत नाही, ४३एक्स ठेवतोय.

एक नवीन अडचण: गाडीत बसलं की नळीचं टोक मांडीच्या सांध्यात रुततं. घरी पोहोचेपर्यंत पाय अवघडतो.

चक्रधर_के

होल्स्टर थोडं वर घ्या, क्लिपच्या भोकांत सोय असते. फार वर नको, मूठ बाहेर कलेल. वेज जरा जाड किंवा वर-खाली सरकवून बघा, बरेचदा तेवढ्याने रुतणं थांबतं. पट्टा बसल्यावर एक भोक सैल करा.

आणि पोटाशी लावताय म्हणून एक गोष्ट कटाक्षाने पाळा. सकाळी पिस्तूल आधी होल्स्टरमध्ये घाला, ट्रिगर पूर्ण झाकला गेलाय हे बघा, आणि मग होल्स्टरसकट पँटीत अडकवा. रात्री काढतानाही तसंच, दोन्ही एकत्र. पँटीत होल्स्टर असताना वरून पिस्तूल घालायची वेळ आलीच तर घाई नको. शर्ट पूर्ण वर धरा, आत बघा, मग सावकाश घाला. शर्टाचं टोक ट्रिगरपाशी अडकणं हाच त्या जागेचा सगळ्यात मोठा धोका आहे.

रानपाखरू

सगळं मान्य, तरी २६ एकदा भाड्याने चालवून बघा. मूठ जाड आहे म्हणूनच झटका तळव्यावर पसरतो.

पैलतीर

बघतो. रेंजवर असेल तर शनिवारी नक्की.