दुसऱ्याच्या घरात ॲपवरून खोली घेऊन राहिलात का? अनुभव सांगा

सोनचाफा_ठाणे:
काल माळा आवरताना जुन्या पर्समध्ये एक किल्ली सापडली, लाल रिबिन बांधलेली. पाच मिनिटं कळेचना कुठली. मग एकदम आठवलं, खारघर! 2019 ला बाबांचं रेडिएशन तिथल्या ॲक्ट्रेकला (टाटाचं कॅन्सर हॉस्पिटल) चालू होतं, घोडबंदरहून रोज जाऊन-येऊन त्यांचे हाल व्हायचे म्हणून ॲपवरून एका काकूंच्या फ्लॅटमधली एक खोली घेतली, सहा आठवडे. हॉटेल परवडत नव्हतंच, पण मुख्य म्हणजे बाबांना मऊ भात लागायचा आणि इथे ओटा वापरायला मिळत होता. काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं, वॉचमनने विचारलं तर भाची आहे म्हणून सांग, सोसायटीला कळलं तर बोंबाबोंब होईल. मग काय, सहा आठवडे भाची. शेवटी शेवटी तर शेजारणींसमोर खऱ्या भाचीसारखं झापायच्या, "कणीक अशी मळतात का गं?" किल्ली परत द्यायची राहूनच गेली. तुमचं सांगा, बरंवाईट दोन्ही.

पामबीच_पांडू:
भाची 😂 मी वाशीत आतेभाऊ होतो. आम्ही चौघं, चौघंही आतेभाऊ, त्यात एक सरदारजी. वॉचमन म्हणाला, साहेबांना आत्या किती?

कुकर_तीन_शिट्ट्या:
उपवनला "लेक व्ह्यू" घेतलेला भावाच्या लग्नासाठी. तलाव दिसायचा, बाथरूममधल्या स्टुलावर उभं राहिलं की. साफसफाईचे पैसे वेगळे लावलेले आणि फ्रिजवर चिठ्ठी, भांडी घासून ठेवा, कचरा खाली नेऊन टाका. मग पैसे कसले घेतले बाबा? वाईट रिव्ह्यू लिहिणार होते पण मालक पण आपल्याला रेटिंग देतो ना, गप्प बसले.

मी_नेरुळकर:
@कुकर घाबरायचं नाही, एअरबीएनबीवर तरी 14 दिवसांत दोघांनी लिहायचं असतं आणि दोन्ही एकदमच उघडतात, आधी तुझं वाचून तो सूड नाही उगवू शकत.
आमचं सांगते. जानेवारी 2025, डी. वाय. पाटीलला कोल्डप्ले, 18, 19 आणि 21 तारखेला. नेरुळमध्ये ज्याच्या त्याच्या अंगात घरमालक संचारलेला. भाच्याने महिनाभर आधी खोली बुक केलेली, चार दिवस आधी मालकाने कॅन्सल केली आणि संध्याकाळी तीच खोली तिप्पट भावाने परत ॲपवर! शेवटी भाचा आमच्या हॉलमध्ये, सोबत पाच मित्र. खरा भाचा. फुकट.

पामबीच_पांडू:
पैसे मिळाले का परत?

मी_नेरुळकर:
त्याला आठ दिवसांनी मिळाले. माझे तेवढे पोहे-उपम्याचे राहिले 😄

आगाऊ_कारकून:
गंमत म्हणजे हे सगळं सुरू झालं ते भाडं भरायला पैसे नव्हते म्हणून. 2007 ला सॅन फ्रान्सिस्कोत डिझाइनची परिषद होती, हॉटेलं फुल्ल, दोन रूममेट्सनी हॉलमध्ये हवेच्या गाद्या टाकल्या, तीन पाहुणे मिळाले, वर नाश्ता. एअरबीएनबीतलं एअर म्हणजे ती गादी. आमच्या गावी गणपतीत अशा गाद्या पन्नास पडतात, कोणी कंपनी काढली नाही.
आणि काकूंना सांगा, परदेशी पाहुणा ठेवला तर 24 तासांत सरकारला फॉर्म भरून कळवावं लागतं. तिथे भाचा चालत नाही.

कुकर_तीन_शिट्ट्या:
अवांतर, खारघरला चांगली मिसळ कुठे मिळते? दर वेळी मामलेदारसाठी ठाण्याला यावं लागतं.

आगाऊ_कारकून:
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मारामारी होईल.

चहा_बिनसाखरेचा:
@सोनचाफा बाबा कसे आहेत आता?

सोनचाफा_ठाणे:
मस्त! आत्ता बाजूलाच बसलेत, मिसळीचं ऐकून कान टवकारलेत. काकूंना सकाळी फोन लावला, म्हणाल्या कुलूप केव्हाच बदललं, ठेव ती तुझ्याकडे. वॉचमन तोच आहे, अधूनमधून विचारतो म्हणे, भाची येत नाही आता?

चहा_बिनसाखरेचा:
काकू अजून देतात का खोली? सासूबाईंचं पुढच्या महिन्यात तिथेच सुरू होतंय. मला भाचेसून व्हायला चालेल.

सोनचाफा_ठाणे:
व्यनि (खासगी निरोप) केलाय. कणीक घट्ट मळ.