नारळ माझ्या स्वतःच्या हातात उभा राहिला, आता बोअर कुठे घ्यायचा?

बालाघाटकर

शेत पाटोदा तालुक्यात, माळाला लागून. डाळिंबाची चारशे झाडं आहेत आणि विहीर होळीलाच तळ दाखवते. आधी दोन बोअर घेतले, २०१६ ला ३२० फूट आणि २०१९ ला ४०० फूट. दोन्हीतून नुसता फुफाटा निघाला. दोन्ही जागा पाणाड्यानेच (जमिनीखालचं पाणी शोधून देणारा) दाखवल्या होत्या. आता दादांनी (वडील) दुसरा पाणाड्या आणलाय.

मी बीएस्सी झालोय, माझा यावर विश्वास नव्हता. पण त्याने नारळ माझ्याच तळहातावर आडवा ठेवला आणि चालायला सांगितलं. लिंबाजवळच्या बांधावर आलो आणि नारळ सरकन उभा राहिला. मी काही केलं नाही, शपथेवर सांगतो. तो म्हणतो, इथे दोन झरे एकमेकांना छेदतात, २०० फुटांवर अडीच इंच पाणी लागेल. विज्ञानाला अजून न कळलेलं असं यात काही असू शकतं का? बोअरची गाडी सोमवारी येणार आहे.

काळा पाषाण

तुमच्या शपथेवर माझा पूर्ण विश्वास आहे. नारळ तुम्हीच उभा केला आणि ते तुम्हाला कळलंही नाही. आडवा नारळ मुळातच डगमगत असतो. तळहात केसभर कलला तरी त्याचा तोल जातो. पाणाड्या त्याच जागी थांबला असेल, ते तुम्ही आधी पाहिलं असेल. मनात अपेक्षा असली की स्नायू आपल्या नकळत हलतात. कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५२ सालीच हे मांडून ठेवलंय. पाणी शोधणाऱ्यांची काडी वाकणं, लंबक फिरणं, सगळ्यांच्या मागे हेच आहे.

पण माझंही ऐकून सोडून देऊ नका, करून बघा. डोळ्यांवर घट्ट फडकं बांधा. जागा माहीत नसलेल्या माणसाला तुमचा हात धरून वावरभर वेड्यावाकड्या वाटेने फिरवायला सांगा. नारळ उभा राहील तिथे चुन्याची खूण करायची. असं पाचदा करा. खाली खरोखर काही असेल तर खुणा एका ठिकाणी पडतील. आणि निकाल काय आला तर काय मानायचं, ते आधी कागदावर लिहा, नंतर नाही.

जर्मनीतल्या कासेल शहरात १९९० मध्ये तीस पाणाड्यांची अशीच परीक्षा झाली. जमिनीत अर्धा मीटर खोल प्लास्टिकचा पाइप पुरला होता, त्यातून पाणी वाहतंय की बंद आहे एवढंच सांगायचं होतं. परीक्षा योग्य आहे असं त्या सगळ्यांनी आधी मान्य केलं होतं. नाणं उडवून जेवढं बरोबर येतं, तेवढंच त्यांचं आलं.

दोन झरे छेदतात हे तर आपल्या जमिनीला बसतच नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्यात नदीसारखे झरे पळत नाहीत. पाणी मुरमात असतं, भोकाभोकांच्या मांजऱ्या खडकात असतं, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. अखंड काळा पाषाण लागला की तो संपेपर्यंत कोरडंच. दहा फुटांवर शेजाऱ्याला पाणी आणि तुम्हाला धूळ, असं होतं ते त्यामुळे. आणि त्यामुळेच पाणाड्याचं नाव टिकतं. अधूनमधून पाणी लागतंच, ते गावभर सांगितलं जातं. कोरड्या बोअरवर दगड ठेवला की तो विसरला जातो. तुमचे दोन कोरडे गेले, त्याचं कारण काय सांगितलं त्यांनी?

उंबराखालची

माझे सासरे पाणाडे होते. कुणाकडून एक रुपया घेतला नाही, त्यामुळे या लोकांना सरसकट लबाड म्हटलं की मला वाईट वाटतं. मी त्यांच्याबरोबर फिरलेय. नारळ पिशवीतून बाहेर यायच्या आधी ते तासभर नुसतं बघायचे. मे महिन्यात उंबर कुठे हिरवा आहे, वारूळ कुठे आहे, ओढा कुठे वळतो, शेजारच्या विहिरीला कुठल्या अंगाने पाझर आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय झाडं आणि वारुळांवरून पाणी ओळखण्याचा आहे. त्यातलं सगळं खरं असेलच असं नाही, पण झाड डोळ्यांनी दिसतं, खणून पडताळता येतं.

एकदा एका उघड्या कातळावर त्यांच्या हातातला नारळ उभा राहिला. त्यांनी तो मुकाट्याने पिशवीत टाकला, खाली नाल्याकडे गेले आणि तिथे खूण केली. काम त्यांची नजर करत होती. नारळावर ते स्वतः विसंबले नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं.

बालाघाटकर

@काळा पाषाण, पहिल्या वेळी जुना पाणाड्या म्हणाला, पूजा नीट झाली नाही. दुसऱ्या वेळी म्हणाला, गाडीवाल्याने खूण सोडून हातभर बाजूला मारला. एक माणूस अँटेना लावलेलं मशीन घेऊन फिरतो, ‘सायंटिफिक, शंभर टक्के गॅरंटी’ म्हणतो. त्याला बोलवू का?

काळा पाषाण

पाणी लागलं तर नारळाचं यश, नाही लागलं तर पूजेची चूक. म्हणजे हरायची सोयच ठेवलेली नाही. असा दावा कितीही बोअर मारले तरी तपासता येत नाही.

अँटेनावाल्याला मोजतोस काय, एवढंच विचारा. रेझिस्टिव्हिटीवाला, म्हणजे जमीन करंटला किती अडवते ते मोजणारा, चार सळ्या एका ओळीत ठोकतो. बाहेरच्या दोन्हींतून करंट सोडतो, आतल्या दोन्हींत व्होल्टेज मोजतो. सळ्यांचं अंतर वाढवत नेलं की खोलवरचं कळत जातं. ओला, झिजलेला खडक करंट सहज जाऊ देतो, घट्ट पाषाण अडवतो. आकडे कागदावर येतात, दुसरा माणूस ते तपासू शकतो. चकवाही बसतो. चिकण माती आणि थरांमधला तांबडा गेरूही करंट जाऊ देतात, पण विहिरीला पाणी देत नाहीत. म्हणून गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. जो देतो त्याला परत पाठवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करा. आणि जुन्या दोन्ही बोअरना कितव्या फुटाला काय लागलं, ते आठवून लिहून काढा. पैसे मातीत गेले असले तरी ती माहिती तुमच्या हातात आहे.

बालाघाटकर

काल संध्याकाळी केलं. चुलतभावाने फिरवलं, दादा बांधावर बसून बघत होते. पाच वेळा नारळ उभा राहिला, पाच ठिकाणी. एक खूण जुन्या कोरड्या बोअरपासून चार पावलांवर. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या सळ्यावाल्याला पण इचार, तुमचं किती चुकलं म्हणून.”

सकाळी सळ्यावाल्यांना फोनवर विचारलं. त्यांनी वही काढली आणि या पट्ट्यातले स्वतःचे कोरडे गेलेले बोअर गावांच्या नावांसकट वाचून दाखवले. स्पीकरवर होतं, दादांनी सगळं ऐकलं. सोमवारची गाडी रद्द केलीय. गुरुवारी ते सळ्या घेऊन येतायत.