लंडन–एडिनबरा प्रवासात मध्येच डरहॅमला उतरावं का?

घाटमाथा (धागाकर्ती):
जूनमध्ये आईबाबा पुण्याहून येतायत. लंडनहून एडिनबराला रेल्वेनेच जायचं नक्की आहे. किंग्ज क्रॉसहून थेट गाडी साधारण साडेचार तासांत पोचवते. माझ्या मनात आहे की सकाळी निघावं, डरहॅमला उतरून कॅथीड्रल बघावं आणि तीन-चार तासांनी पुढची गाडी धरावी. लंडन ते डरहॅम तीनेक तास, तिथून एडिनबरा पावणेदोन तास. नवऱ्याचं म्हणणं, एका चर्चसाठी एवढी यातायात कशाला, तेवढाच अर्धा दिवस एडिनबरात जास्त मिळेल. आईबाबा सत्तरीच्या घरात आहेत, पण रोज पर्वती चढतात, त्यामुळे चालायची चिंता नाही. दोन मोठ्या बॅगा मात्र आहेत. तुम्ही असता तर काय केलं असतं?

खिडकीची जागा:
नसतो उतरलो. हा रेल्वेमार्गच बघण्यासारखा आहे आणि तो सलग बघण्यात मजा आहे. जाताना उजव्या हाताच्या खिडक्या धरा. डरहॅम स्टेशन यायच्या जरा आधी गाडी उंच कमानींच्या पुलावर येते आणि सगळं गाव खाली पसरलेलं दिसतं, टेकडीवर कॅथीड्रल, शेजारी किल्ला. न्यूकॅसलला टाइन नदी आणि तिच्यावरचे सगळे पूल. पुढे समुद्र येतो तो बराच वेळ सोबत राहतो. बेरिकला ट्वीड नदीवर रॉबर्ट स्टीफन्सनचा 28 कमानींचा पूल, 1850 सालचा. हे सगळं बसल्या जागी, हातात चहा घेऊन. तीन तासांसाठी उतरलात की त्यातला तासभर स्टेशनवरून जाण्यायेण्यात आणि बॅगांच्या भानगडीत जातो. सारखं घड्याळ बघत बघितलेली वास्तू मी तरी बघितली असं धरत नाही.

दगडफूल:
पूर्ण असहमत. पुलावरून कॅथीड्रल दिसतं म्हणजे त्याचा बाहेरचा आकार दिसतो, तेही मिनिटभर. डरहॅमचं मोठेपण आत आहे. 1093 साली काम सुरू झालं आणि मुख्य भाग 1133 पर्यंत उभा राहिला. चाळीस वर्षांत! म्हणून आत एकच हात जाणवतो, शतकानुशतकं जोडकाम केलेल्या इमारतींत तो सापडत नाही. खांब हत्तीच्या पायासारखे जाड आणि गोल खांबांवर वेगवेगळं कोरीव काम, कुठे नागमोडी, कुठे शंकरपाळ्याच्या आकाराची जाळी. वर दगडी फासळ्यांचं छत आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं छत युरोपात फार लवकर उभं राहिलं ते इथे, पुढच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या बांधकामाची वाट इथून जाते. कार्ल्याचं चैत्यगृह बघितलं असेल तर आईबाबांना हे छत चटकन भिडेल. तिथे वर लाकडी फासळ्या आहेत, पण डोंगर आतून कोरलेला असल्यामुळे त्यांच्यावर भार काहीच नाही. इथे दगड एकेक करून वर चढवलाय आणि फासळ्यांच्या आधाराने छत रचलंय. दोन्ही ठिकाणी मान वर करून उभं राहिलेल्या माणसाला हा फरक कोणी सांगावा लागत नाही.

आणि हे बघायला दिवस लागत नाही. दीड तास निवांत दिलात तरी पुरे.

तिकीटखिडकी:
वाद चालू दे, आधी तिकिटाचं ऐका. स्वस्तातलं अ‍ॅडव्हान्स तिकीट काढलंत तर ते त्याच गाडीचं असतं, त्यावर मध्ये उतरून मागच्या गाडीने जाता येत नाही. लंडन–डरहॅम आणि डरहॅम–एडिनबरा अशी दोन वेगळी तिकिटं काढा. लवकर काढली तर एकूण रक्कम फार वाढत नाही. साठी ओलांडलेल्यांना सीनियर रेलकार्डवर एक तृतीयांश सवलत मिळते, आणि पासपोर्ट दाखवून ते परदेशी पाहुण्यांनाही काढता येतं.

सामानाचं मात्र आधी ठरवा. डरहॅमला स्टेशनवर ठेवू असं गृहीत धरून जाऊ नका. स्टेशन उंचावर आहे, तिथून तीव्र उताराने खाली, नदी ओलांडून परत चढ, शेवटी दगडी फरसबंदी. चाकांची बॅग त्या फरसबंदीवर ओढणं ही शिक्षा आहे. स्टेशनबाहेरून टॅक्सी करा.

सांजवेळ:
उतरायचंच तर यॉर्कला उतरा ना! लंडनहून दोन तासांत येतं, सगळं सपाट आहे, सामान ठेवायची सोय स्टेशनजवळ आहे. बाहेर पडलं की समोरच जुना तट. त्याच्यावरून चालत लेंडल पुलाकडे निघालात की मिन्स्टर, म्हणजे तिथलं कॅथीड्रल, समोर दिसत राहतं. आत जॉन थॉर्नटनने 1405 ते 1408 या काळात केलेली पूर्वेची प्रचंड काचखिडकी आहे, टेनिस कोर्टाएवढी. आणि कोणी कंटाळलंच तर स्टेशनच्या मागे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, तेही फुकट. मॅलर्ड हे वाफेचं इंजिन आहे, जपानची शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) आहे. चौघांच्या चार आवडी एका थांब्यात भागतात.

दगडफूल:
तिथेच तर गोम आहे. यॉर्कला बघण्यासारखं इतकं आहे की तीन तासांत मिन्स्टर, तट आणि संग्रहालय सगळंच अर्धवट राहतं. यॉर्कला मुक्काम हवा. डरहॅमला एक गोष्ट आहे आणि ती पूर्ण बघून निघता येतं. शिवाय मिन्स्टरला चांगलं घसघशीत तिकीट आहे. डरहॅमला प्रवेशशुल्क नाही, देणगी मागतात, ती जरूर द्या.

खिडकीची जागा:
गाडी उशिरा आली तर? पहिली गाडी तासभर लेट झाली की तुमच्या तीन तासांतला एक गेला, आणि पुढची गाडी ठरलेली. मग आईबाबांना घेऊन धावपळ. थेट गाडीत उशीर झाला तर फार तर एडिनबराला तासभर उशिरा पोचाल. वयस्कर माणसं सोबत असताना मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं आणि यावर मी ठाम आहे.

घाटमाथा:
हा मुद्दा पटतोय. पण डरहॅमला बीड नावाच्या जुन्या इंग्रज इतिहासकाराचं थडगं आहे हे ऐकून आई उत्सुक झाली आहे. आयुष्यभर इतिहास शिकवलाय तिने. आणखी एक विचारते, संध्याकाळच्या प्रार्थनेला आपण गेलो तर चालतं का?

दगडफूल:
मग तर जाच. बीड 735 साली वारला, इंग्रजांच्या इतिहासलेखनाची सुरुवात त्याच्यापासून धरतात. त्याचं थडगं पश्चिम टोकाच्या गॅलिली चॅपलमध्ये आहे, साधा काळसर दगड. दुसऱ्या टोकाला संत कथबर्टचं थडगं. व्हायकिंगांच्या भीतीने भिक्षूंनी 875 साली त्याची शवपेटी घेऊन लिंडिसफार्न बेट सोडलं आणि अखेर 995 साली ती डरहॅमला आणली. या दोन टोकांच्या मधे जमिनीत काळ्या दगडाची एक पट्टी आहे ती आईंना नक्की दाखवा. मध्ययुगात बायकांनी त्या पट्टीच्या पुढे यायचं नाही असा नियम होता. मी ती ओलांडताना मुद्दाम थांबले होते, राग आला होता.

ईव्हनसाँगला, म्हणजे त्या संध्याकाळच्या प्रार्थनेला, कोणीही बसू शकतं, धर्म कोणी विचारत नाही, पैसेही लागत नाहीत. पाऊण तास समूहगान ऐकायचं, बाकीचे उठतील तेव्हा उठायचं. सहसा साडेपाचच्या सुमारास असतं. सुट्ट्यांत गायकवृंद नसतो, म्हणून त्या दिवसाची वेळ कॅथीड्रलच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

तिकीटखिडकी:
मग उलटं करा. जाताना सरळ एडिनबरा, डरहॅम परतीच्या वाटेवर. लंडनला तुमचं घर आहे, हॉटेलात पोचायची घाई नाही. दुपारी उतरा, ईव्हनसाँग ऐका, रात्रीच्या गाडीने या. सुटायची शेवटची गाडी मात्र धरू नका, तिच्या आधीची धरा.

खिडकीची जागा:
परतीला असेल तर माझा विरोध बराच मवाळ होतो. तरी बॅगांचा प्रश्न तसाच आहे.

घाटमाथा:
बॅगांसाठी नवरा तयार झालाय. तो म्हणतो, मी स्टेशनजवळच्या कॅफेत सामान घेऊन बसतो, तुम्ही तिघं जाऊन या. मला ते बरोबर वाटत नाही, त्यानेही बघावं. आता जाताना हातबॅगाच नेऊ, मोठ्या बॅगा घरीच ठेवू असं चाललंय. एडिनबराचे चार दिवस त्यात भागतील का, कोणी नेलंय का तसं? जूनमध्ये तिथे गरम कपडे किती लागतात?

सांजवेळ:
भागतात. एक जाड स्वेटर आणि पावसाचं जाकीट प्रत्येकी. वारा फार असतो, छत्री नेऊ नका.