तुळस, तिरफळ आणि दीड तासाचं वेटिंग: पुण्यातल्या एशियन हॉटेलांचे तुमचे अनुभव सांगा

चकलीचं_पीठ
निमित्त आईच्या पंचाहत्तरीचं. दर वाढदिवसाला आमचं थाळीचं हॉटेल ठरलेलं असतं. यंदा लेकीने जाहीर केलं की आजीला एशियन खायला न्यायचं. आई म्हणाली, "मग आत्तापर्यंत आपण काय युरोपात जेवत होतो?"

रविवारची रात्र, कोरेगाव पार्क. टेबल आधी फोन करून राखायला हवं होतं, हे दारातल्या मुलीने वहीत नाव लिहून घेताना कळलं. एक तास वीस मिनिटं. आई इरकल नेसून बाहेरच्या बाकावर बसली, शेजारी फाटक्या जीन्समधला एक मुलगा. टेबल मिळेपर्यंत त्याचं गाव, नोकरी, घरमालकाशी झालेलं भांडण, सगळं तिला कळलं होतं. पगारही विचारला, तो त्याने सांगितला नाही.

आत लेक मेन्यूकार्ड वाचून दाखवत होती. एका थाई पदार्थापाशी अडखळली. चिकन, लसूण, मिरची, बेसिल. कुठली बेसिल म्हणून वेटरला विचारलं, तर तो अगदी आनंदाने म्हणाला, "होली बेसिल, मॅडम. तुलसी!" आईने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "तुळस? कोंबडीत?" मी घाईघाईने म्हटलं, अगं ती वेगळी असेल. घरी येऊन शोधलं तर वेगळी नाहीये. थाई लोक जिला क्राप्राओ म्हणतात ती जातीने आपल्या वृंदावनातलीच, वाण तेवढा निराळा. (हिरव्या थाई करीत बहुतेकदा दुसरी पडते, ती आपल्या सब्ज्याची बहीण. हे आईला सांगून झालं आहे. उपयोग झालेला नाही.)

ते काही मागवलं नाही. कच्च्या पपईची सोम ताम आली. खलात कुटलेली मिरची-लसूण, लिंबू, गूळ, चवळीच्या शेंगा, वर दाणे. आईने दोनदा घेतली. "कोशिंबीर चांगली आहे. दाण्याचं कूट करायला मात्र कंटाळलेत."

तुमचेही अनुभव लिहा. हॉटेल आवडलं असेल तर नाव घ्या, भांडण झालं असेल तर नाव न घेता भांडा.

खडकीचा_जावई
आमच्या वेळी एशियन नव्हतं, चायनीज होतं, आणि चायनीज म्हणजे लाल. गाडीवरचा ट्रिपल शेजवान, वर तळलेल्या नूडल्स, बाजूला कोबी. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या माणसापुढे आपली शेजवान चटणी ठेवली तर तो बिचारा तिला ओळखणारही नाही. तिकडच्या जेवणात जीभ बधिर करणारी एक मिरी असते. ती आपल्या तिरफळाची चुलत बहीण. कोकणातल्या बांगड्याच्या आमटीत तिरफळ खाल्लेल्याला ती लगेच कळते. आणि मंचुरियन तर मुंबईकर. नेल्सन वाँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लबात ते पहिल्यांदा केलं असं सांगतात.

गाडीपलीकडे मी गेलो तो मलाका स्पाइसमध्ये. १९९७ साली कोरेगाव पार्कात सुरू झालेलं. पहिल्या पगाराची मिजास होती. भिंतीवर चित्रं लावलेली, ती विकायलाही होती, त्यामुळे आधी चित्रांच्याच किमती वाचून घाबरलो. मागवला नासी गोरेंग. भारदस्त नाव वाटलं. नासी म्हणजे भात, गोरेंग म्हणजे तळलेला, हे नंतर कळलं. समोर आला तो फोडणीचा भात आणि वर अंडं. एवढ्यासाठी बस बदलून आलो? पण पहिल्याच घासाला खालून सुक्या जवळ्याचा वास आला. माझी आजी मालवणची. पुढे मी बोललो नाही, प्लेट रिकामी केली.

उपासाची_भगर
एकादशीला मुलीने बबल टी पाजला. खालच्या काळ्या गोळ्या टॅपिओकाच्या, म्हणजे ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो त्याच्याच. उपास मोडला की नाही? सासूबाई म्हणाल्या साबुदाणा चालतो, चहा चालतो, ते वरचं 'बबल' काय असतं ते आधी विचार.

कर्वेनगरकर
हसू नका, आमचं झालं आहे. आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. औंधातल्या एका हॉटेलात (नाव घेत नाही) व्हेज ग्रीन करी मागवली. मेन्यूकार्डावर हिरवा ठिपका. अर्धा वाडगा संपल्यावर सासऱ्यांना वास आला. त्यांची नोकरी रत्नागिरीत झालेली, त्यामुळे नाक तयार. कॅप्टनला बोलावलं. तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, "सर, पेस्ट बाटलीतली येते, त्यात थोडं श्रिंप असतं. भाज्या व्हेज आहेत."

"भाज्या व्हेज आहेत" ही आता आमच्या घरातली म्हण झाली आहे. तेव्हा मात्र फार वाईट झालं. सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. बिलातून करी वजा केली, माफीही मागितली, पण ठिपका छापताना कोणी बाटली वाचली नव्हती, त्याचं काय? तेव्हापासून बसल्या बसल्या आधी तीन नावं घेऊन विचारते: फिश सॉस, श्रिंप पेस्ट, ऑयस्टर सॉस. जपानी असेल तर मिसो सूपचंही. त्याच्या पाण्यात बहुतेकदा सुका मासा उकळलेला असतो आणि वर दिसतो फक्त टोफू. नुसतं "व्हेज आहे ना?" विचारलंत तर उत्तर "हो"च येतं.

शिळा_भात
ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. मी बाणेरला अशाच एका किचनमध्ये चार वर्षं काढली, म्हणून आतल्या दोन गोष्टी सांगतो.

रविवारी रात्री साडेनऊला जेवायला जाऊ नका. मंगळवारी साडेसातला जा. कढई तीच, आचारी तोच, पण रविवारी एका कढईवर चौदा ऑर्डरी लागलेल्या असतात. त्या जेवणात निम्मी चव आचेची असते. शेगडीचा आवाज इतका की शेजारच्याला खुणेने सांगावं लागतं. लोखंड तापून तेलाला धूर सुटतो, भात त्यावर पडतो आणि मिनिटभरात बाहेर. गर्दीत कढई तेवढी तापू देत नाहीत, दोन-तीन ऑर्डरी एकदम टाकतात, मग परतायच्या ऐवजी सगळं वाफेवर शिजतं. घरी तुमचं होतं तेच. एका वेळी एकाच माणसापुरतं करून बघा. आणि भात ताजा घेऊ नका. आम्ही दुपारचा भात ट्रेमध्ये पसरून फ्रीजला लावायचो. फोडणीच्या भाताला आई शिळाच भात घेते, ते काही उगाच नाही.

आमच्याकडे मणिपूरचा एक मुलगा होता. एका काकांनी त्याला विचारलं, "चायनाला कधी परत जाणार?" सात वर्षं पुण्यात राहिलेला तो. म्हणाला, "काका, मला कात्रजची शेवटची बस मिळाली तरी पुष्कळ." मराठीत. काकांनी शंभर रुपये टीप ठेवली. त्याने ती सगळ्यांच्या डब्यात टाकली, स्वतःकडे ठेवली नाही.

मोदकवाली
वीस वर्षं गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी घेते. भाचीने डिमसम खायला नेलं, तर मी खाण्याऐवजी मोजत बसले. एका पारीला अकरा-बारा कळ्या, सगळ्या एका अंगाला वळवलेल्या. आपण गोल फिरवून वर नाक काढतो, ते अर्धचंद्रात एकाच बाजूला चुण्या घालतात. पारी काचेसारखी, आतलं कोळंबीचं गुलाबी दिसतं. तांदळाच्या उकडीची अशी होणारच नाही, मग कशाची? भाचीने फोनवर वाचून सांगितलं, गव्हाचं सत्त्व आणि थोडा टॅपिओका. म्हणजे कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतो तसंच काहीतरी. मी घरी गव्हाच्या चिकाची पारी करून पाहिली. पहिल्या घाण्याला फाटली, दुसऱ्याला बरी झाली. आत खोबरं-गूळ घातला. दिसायला सुरेख. चव? नारळाला उकडच पाहिजे.

हिशेबी_माणूस
पाच जण, बिल साडेसहा हजारांच्या वर, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी. चार्ज काढा म्हटलं, तर मॅनेजर म्हणाले कंपल्सरी आहे. नाहीये. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं की हा आकार आपोआप लावता येत नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. मी शांतपणे फोन काढून १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर दाखवला. चार्ज निघाला. बायको मात्र म्हणाली, "आता इथे पुन्हा यायला तोंड राहिलं नाही." त्यांचे बाओ फार चांगले होते हो.

मिसळप्रेमी_पण
खाऊ स्वे खाल्लंय का कोणी? बर्मी पदार्थ. वाडग्यात नूडल्स, त्यावर नारळाच्या दुधाचा पिवळा रस्सा, आणि सोबत छोट्या वाट्या: तळलेला कांदा, लसूण, दाणे, अंडं, लिंबू, कोथिंबीर. ज्याने त्याने आपापलं मिसळायचं. अहो, ही मिसळ आहे! फरसाणाच्या जागी नूडल्स. लोकमान्य १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, त्यांना बाहेरच्या गल्लीतला हा वास येत असेल का, असा विचार मी दर वेळी करतो. पुणेकराला एवढा अधिकार आहे. पाव मागितला तर वेटर हसला. आणून दिला मात्र.

चकलीचं_पीठ
मोदकवाली ताई, तुमचा चिकाचा प्रयोग आईला वाचून दाखवला. ती म्हणते, चीक आदल्या रात्रीचं वरचं पाणी ओतून मगच घ्यायचा, म्हणजे फाटणार नाही.

आणि काल सकाळी तिने गवती चहा तोडून चहात न टाकता टोमॅटोच्या सारात टाकला. "हॉटेलातल्या त्या सूपला हाच वास होता, तुम्ही उगाच सातशे रुपये दिलेत." सार खरंच चांगलं झालं होतं. तुळशीचा विषय अजून निघालेला नाही.