मदत हवी आहे: रिपोर्ट नॉर्मल म्हणतात, पण पाळी पार विस्कटली आहे

गवतफूल
पाळीचा काही नेम राहिला नाही. रात्री घामाने जाग येते, मग झोप नाही. एफएसएच (अंडाशय थकलं की वाढणारं हार्मोन) ९.८ आला, "नॉर्मल आहे, ताण कमी करा" म्हणून पाठवलं. मला हा पेरिमेनोपॉजच (पाळी कायमची जाण्याआधीचा काळ) वाटतोय. आता नेमकी कोणती टेस्ट करू? कृपया लवकर सांगा.

सूक्ष्मदर्शी
वय? रक्त पाळीच्या कितव्या दिवशी दिलं? सोबत एस्ट्राडिओल (मुख्य एस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन) होतं का? गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत? त्यांनी एफएसएच दबतो. हे कळल्याशिवाय ९.८ वरून काहीच सांगता येणार नाही.

रानवारा
एएमएच (अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी) करून टाका. एका टेस्टमध्ये सोक्षमोक्ष.

सूक्ष्मदर्शी
रानवारा, असं नाही होत. एएमएच कमी म्हणजे अंडाशयातला साठा कमी, एवढंच. चाळिशीच्या आत अंडाशयाचं काम थांबत आलंय (पीओआय) हे ठरवायला किमान ४ महिने पाळी अनियमित किंवा बंद, आणि एफएसएच २५ च्या वर, असा निकष आहे. पूर्वी एफएसएच दोनदा लागायचा. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार एकदा पुरतो, शंका असेल तर ४ ते ६ आठवड्यांनी परत.

रानवारा
एएमएच कुठल्याही दिवशी चालतं म्हणून म्हटलं. पीसीओएसमध्ये (पाळी लांबवणारा अंडाशयाचा हार्मोन-बिघाड) ते बहुधा वाढलेलं असतं, तोही खुलासा होतो.

सूक्ष्मदर्शी
जोडीला ठीक. एकट्यावर निदान नको.

चांदणवेल
अंडी गोठवायचं बघ आधी, वेळ घालवू नकोस.

गवतफूल
ते नाही विचारलं हो मी.
वय ३६. दिवस पाहिला नव्हता, गेले तेव्हा रक्त दिलं. एस्ट्राडिओल केलंय, ते चांगलं आहे म्हणाले. गोळ्या नाहीत, केसांसाठी बायोटिन १० मिग्रॅ तेवढं रोज. शेवटच्या पाळीला ७० दिवस झाले. त्याआधीची चक्रं २४, ४१, ५२ दिवसांची.

सूक्ष्मदर्शी
बायोटिन! हे आधी सांगायला हवं होतं. अनेक लॅबच्या किटमध्ये बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन, अशी जोडी वापरतात. रक्तात बायोटिन जास्त असलं की एफएसएच खोटा कमी आणि एस्ट्राडिओल खोटं जास्त दिसू शकतं. म्हणजे दोन्ही आकडे नेमके "नॉर्मल"कडे झुकतात. किमान ३ दिवस बंद ठेवा, लॅबला डोस सांगा, मग दोन्ही एकाच रक्तातून करा. पाळी आली तर २ ते ५ व्या दिवशी. येतच नसेल तर वाट बघत बसू नका, कुठल्याही दिवशी द्या.

मोरपीस
त्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट, प्लीज. मग टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन). वजन झपाट्याने उतरलंय का, व्यायाम अति होतोय का? तशी पाळी थांबते तेव्हा एस्ट्राडिओल कमी असूनही एफएसएच वाढत नाही, उपचारही वेगळे. आणि पाळी आणायच्या गोळ्यांनी रक्तस्राव झाला म्हणून पीओआय नाही असं समजू नका, तो त्यातही होतो.

चांदणवेल
शेवटी हार्मोन्सच देतील. कॅन्सरची भीती असते, मी तर नकोच म्हणेन.

मोरपीस
असं सांगून कुणाला मागे हटवू नका. ती भीती मुख्यतः हार्मोन उपचारांवरच्या २००२ च्या अभ्यासातून आली, त्यातल्या बायका ५० ते ७९ वर्षांच्या होत्या. ३६ व्या वर्षी एस्ट्रोजेन संपलं तर हाडं आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात, म्हणून साधारण पन्नाशीपर्यंत ते भरून देतात. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर गोष्ट वेगळी. पीओआय ठरलं तर कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी), एफएमआर१ (एक जनुक) आणि अ‍ॅड्रिनलच्या (मूत्रपिंडावरची ग्रंथी) अँटिबॉडीज तपासायला सांगा, हाडांची घनता मोजणारी डेक्साही. या तपासण्या बऱ्याचदा राहून जातात.

गवतफूल
टीएसएच आधीच झालाय, कमी आला होता. तोही बायोटिन चालू असतानाचाच.

सूक्ष्मदर्शी
मग तोही धरू नका, परत करा. थायरॉइडचं काम वाढल्याचं (टीएसएच कमी दिसला की तसंच वाटतं) खोटं चित्र असंच तयार होतं. त्यावर औषध सुरू केलंय का?