लास्कोची मूळ गुहा कायमची बंदच राहावी का?

पायवाट :
फ्रान्समधली लास्को ही आदिमानवाच्या भिंतीचित्रांची गुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांना खुली झाली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. सुमारे १७,००० वर्षं अंधारात टिकलेली चित्रं पंधरा वर्षांच्या वर्दळीने बिघडायला लागली. येणाऱ्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, ओलावा, त्यात दिव्यांचा उजेड. भिंतींवर हिरवं शेवाळ चढलं, कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचे पांढरे थर धरले. १९८३ पासून लोक प्रतिकृती बघतात, आणि तेच योग्य आहे. अशा सगळ्याच नाजूक जागा बंद कराव्यात. फ्रान्समधलीच शोव्हेची चित्रगुहा १९९४ मध्ये सापडली, ती पर्यटकांना कधी उघडलीच नाही. शहाणपण ते हेच.

रानवारा :
अजिबात पटलं नाही. बंद केलं म्हणजे वाचलं असं कुठे आहे? लास्कोत २००१ मध्ये पांढरी बुरशी पसरली, जमिनीवर चुना पसरायची वेळ आली. तेव्हा गुहा बंद होऊन ३८ वर्षं झाली होती. आणि वारसा साऱ्या मानवजातीचा म्हणायचं, पण आत जाणार मोजके संशोधक? स्पेनमधल्या अल्तामिराच्या चित्रगुहेत २०१४ पासून आठवड्याला पाच जणांना सोडत काढून आत नेऊ लागले. हा मार्ग मला न्याय्य वाटतो.

पायवाट :
@रानवारा, ती बुरशी आली गुहेत हवेची नवी यंत्रणा बसवल्यानंतर. म्हणजे पुन्हा माणसाचाच हात! आणि आठवड्याला पाच म्हणजे वर्षाला अडीचशेच्या आसपास. बाकीचे सगळे प्रतिकृतीच बघणार ना?

रानवारा :
अडीचशे आणि शून्य यात फार फरक आहे. ज्या खडकावर चित्र काढणाऱ्या त्या आदिमानवाचा हात टेकला होता, तोच खडक समोर असणं वेगळं. जागा डोळ्यांनी पाहिलेली माणसंच तिच्यासाठी भांडतात.

शिंपला :
इथे मी असहमत. अमेरिकेत यलोस्टोन १८७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, ते कायदा करणाऱ्यांनी तिथे फेरफटका मारला म्हणून नव्हे. आदल्या वर्षीच्या मोहिमेतून आलेले जॅक्सनचे फोटो आणि मोरनची चित्रं त्यांच्यापुढे ठेवली होती, त्यांचा मोठा वाटा होता. चांगल्या चित्राने जीव जडू शकतो.

पण पायवाट यांचं ‘सगळ्याच जागा’ हेही चुकीचं. थायलंडमधल्या एका बेटावरची माया बे ही खाडी घ्या. पर्यटकांच्या बोटी आणि नांगरांनी प्रवाळ मोडला, म्हणून २०१८ मध्ये ती बंद केली. प्रवाळाची लागवड झाली, काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क उथळ पाण्यात परतले, आणि २०२२ मध्ये लोकांना पुन्हा प्रवेश मिळाला. आता बोटी बेटाच्या मागच्या बाजूला लागतात. प्रवाळ पुन्हा वाढतो, गुहेतल्या चित्राची झिजलेली रेघ पुन्हा उमटत नाही. दोन्हींना एकच नियम कसा लावणार?

पायवाट :
प्रवाळापुरतं मान्य. जे भरून येतं तिथे काही वर्षांची बंदी पुरते. चित्रांच्या गुहांबद्दल मात्र मी तसूभरही हलणार नाही.

रानवारा :
आणि मी सोडतीवर ठाम आहे. आतली हवा, तापमान रोज मोजा, आकडे बिघडले की त्याच दिवशी दार लावा. पण आकडे ठीक असताना ते पाच जण बाहेर का?